जर्मनच्या पट्ट्या

ॲल्युमिनिअमला आपल्याकडे जर्मन म्हणतात. जर्मनचा टोप, जर्मनची परात, जर्मनचं झाकण. असं का म्हणतात ते छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे, आणि खुद्द एखाद्या जर्मनाला विचारावं तर तो आपल्याच तोंडाकडे बघत राहील. पण रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीपलीकडे, पावसच्या वाटेवर सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळमाळाच्या, कुशीत जी वाडी आहे, तिथे १९८० साली जर्मन म्हणजे भांड्याचा धातू, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. आत्माराम नागवेकराच्या नशिबाचा गुंता या एका शब्दाभोवती आहे, म्हणून तो आधीच सांगितलेला बरा.

आत्माराम मूळचा खलाशी. मालवाहू जहाजांवर त्यानं अठरा वर्षं काढली आणि उजवा गुडघा गमावून छत्तिसाव्या वर्षी वाडीत परतला. "कठडा तुटला त्या दिवशी गुडघा गेला," एवढंच तो सांगे. पुढचं कुणी विचारलं की बिडी शिलगावी आणि समुद्राकडे पाठ करून बसे. घरात बायको दमयंती, अंगणात चार माड, मागे हापूसची दोन कलमं. मूलबाळ नाही. लंगड्या खलाशाला जमिनीवर कोण विचारतो? दोन वर्षं त्यानं नुसती काढली.

मग एक दिवस सड्यावर जीप आली. तिच्यातून बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेतले राघवन साहेब उतरले. हडकुळा, चष्मेवाला, बोलताना सारखा घाम पुसणारा माणूस. आपलं सरकार आणि जर्मनीचं सरकार मिळून एक लहानसं प्रवासी विमान बनवणार होतं. अठरा माणसांचं. मोठी विमानं जिथे उतरत नाहीत अशा रत्नागिरीसारख्या गावांना जोडणारं. निम्मा खर्च त्यांचा, निम्मा आपला, आणि कागद दोघांचे. त्या विमानाच्या ॲल्युमिनिअमच्या पत्र्याच्या चाळीस पट्ट्या समुद्राकडे तोंड करून सड्यावर मांडायच्या आणि त्यांच्यावर नजर ठेवायला एक माणूस नेमायचा, असं ठरलं होतं. आत्मारामाला जहाजावरची हिंदी येत होती, मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, आकडे लिहिता येत होते. तो नेमला गेला.

चिऱ्याची बुटकी भिंत, म्हणजे गडगा, घातला, आत चार लोखंडी मांडव उभे केले, प्रत्येकावर दहा दहा पट्ट्या तिरक्या बसवल्या. जाताना राघवन साहेबांनी आत्मारामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्माराम, संभाल के रखना. बहुत कीमती है. प्रोजेक्ट पास हुआ तो तुम परमनंट."

सगळी हकीकत या तीन वाक्यांत आहे. परमनंट म्हणजे कायम. कायम म्हणजे सरकारी दवाखाना, आणि सरकारी दवाखाना म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, केलं तर चालाल, नाही केलं तर पन्नाशीत काठी आणि साठीत बिछाना. आणि 'संभाल के' म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. वाऱ्यापावसापासून वस्तू सांभाळण्यातच इथल्या पिढ्या खपल्या.

तेव्हा आत्मारामानं त्या सांभाळल्या.

पट्ट्या तिथे कशाला ठेवल्यात, हे साहेबांनी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. त्यानं आपल्यापुरता अर्थ लावला होता. होडीचं लाकूड खाडीच्या पाण्यात मुरवत ठेवतात, तसा विमानाचा पत्रा वाऱ्यावर मुरवत असतील. महिना गेला आणि पट्ट्यांवर पांढरे ठिपके आले. खरखरीत, मिठासारखे. आत्मारामानं एक नखानं खरवडून पाहिला. सरकारी माल, कीमती, आणि आपल्या हातात महिनाभरात नासायला लागला! घरी येऊन तो जेवेना.

"काय झालं?" दमयंतीनं विचारलं.

त्यानं सांगितलं. ती हसली.

"अवो, हात्तिच्या! जर्मनला खारं सोसत नाय. जर्मनच्या टोपात आगळ कोण ठेवतं काय? रोज गोड्या पाण्यानं धुवा नि पुसून टाका. काय एक होत नाय."

मिठाच्या कोकमरसानं, म्हणजे आगळानं, जर्मनच्या भांड्याला भोकं पडतात, हे वाडीतल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक. आत्मारामाचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कावड घेतली. गोडं पाणी सड्यावर नाही. विहीर खाली, वाडीच्या अंगाला, आणि वर यायला चिऱ्याची पाखाडी, एकशे बारा पायऱ्या. दोन कळश्या रोज संध्याकाळी, खारा वारा पडला की. एकेक पट्टी वरून पाण्यानं निथळायची, मऊ फडक्यानं टिपायची. पावसाळ्यापूर्वी घराच्या पश्चिमेला माडाचे झाप बांधतात, तसे त्यानं मांडवांच्या समुद्राकडच्या अंगालाही बांधले. झाप विणले दमयंतीनं. चाळीस पट्ट्या लखलखत राहिल्या. गुडघा मात्र पायरीपायरीला कुरकुरत होता. घोडं मेलं ओझ्यानं नि शिंगरू मेलं येरझाऱ्यानं म्हणतात. इथे घोडं आणि शिंगरू एकच होतं.

बंगळूरहून छापील वही येई. तारीख, ऊन, वारा, पाऊस, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. जहाजावर केलेलं काम लिहून ठेवायची आत्मारामाला सवय. त्यामुळे शेऱ्यात तो रोज मराठीत लिही, 'पट्ट्या गोड्या पाण्याने धुतल्या, पुसल्या.' जूनमध्ये लिही, 'झाप बांधले.' ऑक्टोबरात, 'झाप सोडले.' दर तीन महिन्यांनी वही भरून पोस्टानं जाई आणि नवी येई. कुणी काही विचारलं नाही, तेव्हा काम पसंत आहे असंच तो समजला. चुकलं असतं तर बोलले नसते का?

वहीसोबत एक कागदही येई, मुदतवाढीचा. तो पोस्टमन रावजी घेऊन येई. सरकारी काम आणि सहा महिने थांब, अशी म्हण आहे. आत्मारामाचं सरकार त्याला तीन-तीन महिने थांबवत होतं. 'उभय सरकारांच्या निधीमंजुरीच्या अधीन राहून' त्याची रोजंदारी पुढच्या तीन महिन्यांपुरती वाढवली जाई. कधी जर्मनीकडून मंजुरी आली की दिल्लीची अडायची, दिल्लीची आली की जर्मनीत निवडणूक निघायची. राघवन साहेब दर सहा महिन्यांनी यायचे ठरले होते. सहा वर्षांत दोनदा आले, तेही उन्हाळ्यात, तासाभरासाठी, आणि पट्ट्या लांबूनच बघून गेले. त्यांच्या प्रवासभत्त्यालाही मंजुरी लागत होती.

"काय रे रावजी, झालो काय कायम?" आत्माराम पाखाडीवरून ओरडे.

"अधीन राहून!" रावजी खालूनच उत्तर देई.

पहिल्या वर्षी दोघं यावर हसत. तिसऱ्या वर्षी रावजी हसला, आत्माराम हसला नाही. पाचव्या वर्षी त्यानं विचारायचंच सोडलं. रावजी कागद गडग्यावर दगडाखाली ठेवून जाई. माणूस कामानं थकत नाही, 'होईल, होईल' ऐकून थकतो. आत्माराम त्रेचाळिसाव्या वर्षी साठीचा दिसायला लागला.

१९८६च्या नोव्हेंबरात मात्र खरंच काहीतरी हललं. दोन्ही सरकारांची पाहणी यायची होती. तिच्या अहवालावर विमानाच्या पुढच्या टप्प्याचा निधी ठरणार होता. दमयंतीनं त्याचा खाकी सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केला. सकाळी दोन जीपगाड्या सड्यावर आल्या. राघवन साहेब पार पिकले होते. त्यांच्याबरोबर ब्रेनर नावाचे उंच, उन्हानं लाल झालेले जर्मन साहेब. वाडीनं जन्मात पाहिलेला पहिला चालताबोलता जर्मन. बाया गडग्यापलीकडे उभ्या राहून त्याला न्याहाळत होत्या.

ब्रेनर साहेब गुडघ्यावर बसून भिंगातून एकेक पट्टी बघत गेले. पहिली, दुसरी, दहावी. मग ते उभे राहिले आणि राघवन साहेबांशी भराभरा बोलायला लागले. राघवन साहेबांचा चेहरा आत्मारामानं असा कधी पाहिला नव्हता. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"आत्माराम! छह साल! समंदर खा नहीं सका! हमने तो खाने के लिए ही रखा था, देखने के लिए कि कितना खाता है. कुछ नहीं खाया! अब दिल्ली ना नहीं बोल सकती. तुम्हारा भी हो गया, समझो. परमनंट!"

आत्माराम हसला. हसत हसतच तो थांबला.

खाने के लिए रखा था.

साहेब लोक जेवायला रत्नागिरीच्या विश्रामगृहावर गेले, चार वाजता परत येऊन कागदावर सह्या करणार होते. आत्माराम पाखाडी उतरून घरी आला आणि ओटीवर बसला. दमयंतीनं पान वाढलं, तरी तो उठला नाही.

"झालं ना कायम? सगळी वाडी बोलतंय."

"दमयंती, आपण चुकलो गो." त्यानं एकेक शब्द ओढून काढल्यासारखा सांगितला. "त्या पट्ट्या खराब व्हायलाच ठेवल्या होत्या. खाऱ्या वाऱ्यात किती टिकतात ते बघायला. नि मी रोज धुतल्या."

दमयंतीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं डोक्याला हात लावला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा.

"मग आता?" ती हळूच म्हणाली. "त्यांना ठाऊक नाय ना?"

"नाय."

"मग गप ऱ्हावा. तुमी काय चोरी केलीत? सहा वरसां पाणी वाहिलात. गुडघ्याची काय दशा झाली ती मी बघतंय ना रातीची. गप ऱ्हावा नि कायम व्हा."

तिचं चुकलं असं कोण म्हणेल? आत्मारामालाही तेच वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं. गप्प बसायला काहीच करावं लागत नाही, आणि तो फार दमला होता. त्यानं पानावर बसून दोन घास घेतले. तिसरा हातातच राहिला.

"शिवाचं तुला कधी सांगितलं नाय," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. शिवा जयगडचा, त्याच्याच जहाजावर होता. बंदरात तपासणी यायची होती, म्हणून सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, गंजलेल्या कठड्यावर रंग मारायला लावला. रंग आत्मारामानंच मारला, दोन हात, झकास. तपासनीस बघून गेला, सही करून गेला. चौथ्या दिवशी भर समुद्रात शिवा त्या कठड्याला टेकून बिडी ओढत होता. कठडा रंगासकट सुटला. त्याला धरायला आत्माराम झेपावला तो गुडघ्यावर आपटला. हाताला फक्त शिवाचा पंचा लागला.

दमयंतीनं हातातला डाव खाली ठेवला. मग तिनं विचारलं, "त्या विमानात बसणार कोण?"

"आपलीच माणसं. रत्नागिरीची. लहान गावांसाठीच करतायत ना ते."

 तिनं त्याच्या पानावरचा भात सारखा केला, वर आमटी वाढली आणि म्हणाली, "जेवून जावा. उपाशी पोटी नको सांगायला."

चार वाजता आत्माराम सदऱ्याची बटणं लावून मांडवाशी उभा राहिला. राघवन साहेबांनी कागद गडग्यावर पसरले होते. त्यांना आधी हिंदीत सांगावं असं त्याच्या मनात होतं. पण त्यानं तोंड उघडताच साहेब म्हणाले, "बाद में, बाद में." तेव्हा तो सरळ ब्रेनर साहेबांपुढे गेला आणि त्यानं अठरा वर्षांचं जहाजी इंग्रजी बाहेर काढलं.

"सर. आय वॉश. एव्हरी डे. फ्रेश वॉटर. सिक्स इयर."

ब्रेनर साहेबांना वाटलं, हा माणूस अंघोळीबद्दल बोलतोय. ते सौजन्यानं हसले. आत्मारामानं शेवटची वही उघडून शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं, मग पट्टीवर, मग कोपऱ्यातल्या कावडीवर. राघवन साहेबांनी वही ओढून घेतली. त्यांना मराठी येत नव्हती, पण देवनागरी येत होती. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं. 'पट्ट्या गोड्या पाण्याने धुतल्या, पुसल्या.' खाली तेच. त्याच्याही खाली तेच. प्रत्येक पानावर, प्रत्येक दिवशी. सहा वर्षं हे वाक्य दर तीन महिन्यांनी पोस्टानं बंगळूरला जात होतं. तिथे आकडे उतरवून घेतले जात होते आणि शेरा कुणीच वाचत नव्हतं.

राघवन साहेबांनी वही मिटून काखेत धरली. ब्रेनर साहेबांना त्यांनी काय सांगितलं ते आत्मारामाला कळलं नाही, पण त्या लाल चेहऱ्याचा रंग उतरलेला त्याला दिसला. ब्रेनर साहेब त्याच्याकडे वळले आणि एकच शब्द बोलले.

"व्हाय?"

या प्रश्नाचं उत्तर आत्मारामाला मराठीत पूर्ण येत होतं. इंग्रजीत त्यानं जेवढं जमलं तेवढं दिलं.

"सर, जर्मन नो लाइक सॉल्ट."

ब्रेनर साहेब बघत राहिले. त्यांनी राघवन साहेबांकडे पाहिलं, गडग्यापलीकडच्या बायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या घामेजल्या सदऱ्याकडे. कुणीच हसलं नाही. नंतर वाडीत हा किस्सा सांगून लोक पोट धरधरून हसले, पण त्या वेळी हसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

सह्या झाल्या नाहीत. जीपमध्ये बसताना राघवन साहेब रागावतील असं आत्मारामाला वाटलं होतं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "फिर से छह साल कौन देगा, आत्माराम?" आणि घाम पुसला.

मार्चमध्ये रावजी कागद घेऊन पाखाडी चढून वर आला. दगडाखाली ठेवून गेला नाही, हातात दिला. निधीअभावी केंद्र बंद. साहित्य निरुपयोगी ठरवून जागेवरच सोडण्यात यावं. आत्मारामाच्या बोलण्यामुळे बंद झालं, की दिल्लीतल्या कुठल्याशा फाइलनं आधीच मान टाकली होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हीच गोष्ट त्याला जास्त टोचत राहिली. आपण खरं बोलून ते विमान पाडलं, की खरं बोललो काय नि न बोललो काय, सारखंच होतं? विचारायचं तरी कुणाला? राघवन साहेब निवृत्त झाल्याचं त्याच्या कानावर आलं.

वाडीनं पट्ट्या नेल्या. कुणी माठावर झाकण केलं, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला दार. आत्मारामानं एकच घेतली आणि घराच्या पश्चिमेच्या वाशाला, उघड्या वाऱ्यात, तारेनं टांगली. दमयंती फडकं घेऊन पुसायला गेली तेव्हा तो पहिल्यांदा तिच्यावर ओरडला.

"हात लावू नको तिला!"

गुडघा राहिला तो राहिलाच. पंचेचाळिशीत काठी आली, डॉक्टरनं सांगितल्याच्या पाच वर्षं आधी. सकाळ-संध्याकाळ तो ओटीवर बसून त्या पट्टीकडे बघे. आधी पांढरे ठिपके आले. मग खड्डे. पहिला पाऊस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या पावसानंतर, १९८९च्या दिवाळीच्या सुमारास, त्यानं तार सोडून पट्टी खाली काढली. ती कडेला फुगली होती. बोट लावलं तर अळूवडीचे पदर सुटावेत तसे तिचे पापुद्रे सुटून आले. थोडा भुगा त्याच्या धोतरावर पडला.

दमयंती केरसुणी घेऊन आली, वाकून तिनं तो भुगा चिमटीत घेतला.

"बघा," ती म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जर्मनला खारं सोसत नाय."

आत्मारामानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

"होय गो," तो म्हणाला. "एवढंच विचारायला आली होती दोन सरकारं. नि सहा वरसां पाणी वाहून वाहून मी त्यांना ते कळू दिलं नाय."